गादी बसायला सहा महिने

४ फेब्रुवारी

ही वही मेहुण्याने काल गाडीत बसल्या बसल्या हातात ठेवली, ऑर्डरी लिहायला. ऑर्डर अजून एकही नाही, म्हणून हे लिहितो. गावच्या शाळेत आमचे गुरुजी सांगत, घडलं तेवढं कागदावर लिहावं आणि वाटलं ते देवाला सांगावं. मी दोन्ही इथेच लिहिणार आहे. देवाला आधीच बरंच सांगून झालं आहे.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. मागे राहायच्या दोन खोल्या, वरच्या मजल्यावर घरमालकीण. खिडकी मोठी, फरशी थंडगार. भिंतीत आधीच्या भाडेकरूचे सात खिळे आहेत. एकावर देवाची तसबीर लावली, दुसऱ्यावर वडिलांचा फोटो. बाकीचे पाच बघून ही म्हणाली, "खिळे तरी फुकट मिळाले."

आमचा धंदा कापसाच्या गाद्यांचा. आजोबा धनुकलीने कापूस पिंजत, वडिलांनी यंत्र घेतलं. तेच यंत्र तीन तुकडे करून जहाजाने येत आहे. वडिलांच्या गादीचं पंचक्रोशीत नाव होतं. ते गेले त्याच वर्षी आमच्या समोर फोमच्या गाद्यांचं दुकान उघडलं. त्याच सुमाराला आईचे गुडघे धरले आणि तीही दुकानात उतरेनाशी झाली. संकटं एकटी येत नाहीत. गिऱ्हाईक हळूहळू समोर वळलं. मेहुणा इथे बारा वर्षं टॅक्सी चालवतो. तो म्हणाला, दाजी, इथे लोक फोमला कंटाळलेत, हातची गादी कुणी करत नाही, या.

मुलीचं लग्न झालेलं, घरात आम्ही दोघंच. तरी ही यायला तयार नव्हती. मी तिला म्हटलं, नवी गादी बसायला सहा महिने लागतात, तसे सहा महिने मला दे. ती म्हणाली, "दिले. पण सहा महिन्यांनी मी नाही म्हटलं तर शब्द न काढता परत." मी देवासमोर हो म्हटलं. म्हणजे ४ ऑगस्ट.

परत गेलो तर उपाशी मरणार नाही. घरचं दुकान धाकट्या भावाला लिहून दिलं आहे, तो मला बसायला जागा देईल. पण पन्नाशीला टेकल्यावर धाकट्याच्या दुकानात स्टुलावर बसायचं, हे मला अजून देवालाही सांगता आलेलं नाही.

१६ फेब्रुवारी

यंत्र आलं. एक बोल्ट कुठे समुद्रात राहिला म्हणून दोन दिवस गेले. आज पहिल्यांदा कापूस पिंजला आणि तासाभरात घरमालकीण खाली आली. तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सगळा कापूस बसला होता. तिची भाषा मला कळत नाही, पण रागाला भाषा लागत नाही. ही पुढे झाली, तिचा हात धरून तिला आत नेलं आणि चहा दिला. मग दोघी वर गेल्या आणि कपडे झटकत बसल्या. तासभर. एकमेकींची भाषा येत नसताना तासभर काय बोलल्या असतील?

मी ठरवलं आहे की सकाळचा पहिला चहा या सहा महिन्यांत मी करायचा. भांडीही. हिला नाही म्हणायला कारण मिळता कामा नये.

२१ फेब्रुवारी

पहिली गादी पुरी झाली. आमच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसचा चालक, ज्याच्या तोंडात सदा शिट्टी असते, त्याने मागितली. त्याची पाठ दुखते. वडिलांच्या मापाने भरली. वडील म्हणत, गादीवर मूठ मारली तर मूठ दुखली पाहिजे. मारून बघितली. दुखली. समाधान वाटलं.

२४ फेब्रुवारी

गादी परत आली.

इथे घेतलेली वस्तू पंधरा दिवसांत परत देता येते म्हणे. शिट्टीवाला स्वतः ती पाठीवर घेऊन आला. तेवढं बळ ज्याच्या पाठीत आहे त्या पाठीला झालं आहे तरी काय, असं मनात आलं. मेहुणा दुभाषी म्हणून होता. त्याने सांगितलं, "दाजी, तो म्हणतो, शेवटी खाली फरशीवर उतरून झोपलो, तेव्हा जरा मऊ लागलं."

मी मेहुण्याला म्हटलं, त्याला समजावून सांग, नवी गादी कडकच असते, माणूस रोज झोपला की ती त्याच्या अंगाप्रमाणे बसते, सहा महिने धीर धर, मग जन्मभर दुवा देशील. मेहुणा दोन शब्द बोलला. माझं एवढं मोठं वाक्य दोन शब्दांत कसं बसलं? शिट्टीवाला हसला आणि गादी ठेवून गेला.

५ मार्च

चार गाद्या दिल्या होत्या, चारही परत. दुकानात हलायला जागा नाही. आज ही त्यांच्या ढिगावर चढून भाजी निवडत बसली होती. पाय खाली पोचत नव्हते. मला हसू आलं, पण चेहरा गंभीर ठेवला.

ती म्हणाली, थोडा थोडा कापूस कमी करू या. मी म्हटलं, वडिलांचं माप आहे. तीन पिढ्यांत कुणी बदललं नाही, मी परदेशात येऊन बदलू?

"अहो, गाद्या भरताय की किल्ला बांधताय?"

यावर मी काही बोललो नाही. वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. तेही काही बोलले नाहीत. मग भांडी घासली.

१४ मार्च

दुपारी दोन ते चार मी मेहुण्याच्या गाडीतून नमुने घेऊन फिरतो. हॉटेलं, वसतिगृहं, एक दवाखाना. सगळे नमुन्यावर हात दाबून बघतात आणि हसून दार उघडून धरतात. इथे नाही म्हणायची पद्धत फार सभ्य आहे.

आज परत आलो तर शिट्टीवाला दुकानात उभा. वाटलं, आता आणखी काय तक्रार? पण तो आपलीच गादी परत न्यायला आला होता. हिने म्हणे त्याला झोपून बघायला लावलं होतं. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. खुणेने सांगितलं, छान, छान.

माझे डोळे भरून आले. मी हिला म्हटलं, बघ, माणसाला जरा वेळ दिला की चांगलं काय ते कळतं. ती सुईत दोरा ओवत होती. वर न बघता म्हणाली, "हो ना. देवाची कृपा."

गादी बांधताना दिसलं की एका कोपऱ्याची शिवण तिरकी आली आहे. एवढी वाईट शिवण माझ्या हातून आजवर झाली नव्हती. मन थाऱ्यावर नसलं की असं होतं.

२ एप्रिल

चारही गाद्या गेल्या, वर सहा नव्या. आज जे झालं ते लिहावं की नाही याचा विचार केला. गुरुजी म्हणाले असते, घडलं ना, मग लिही.

माझ्या मापाने आणलेला कापूस परवाच संपायला हवा होता. प्रत्येक गादीत किती जातो ते मला झोपेतही सांगता येतं. तरीही कोपऱ्यातलं पोतं अर्धं भरलेलंच आहे. काल बघितलं, आज बघितलं. उपसतो आहे आणि सरत नाही. असल्या गोष्टी मी कीर्तनात ऐकल्या आहेत, माझ्या दुकानात होतील असं वाटलं नव्हतं.

आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी पोत्याला हात जोडले. ही नेमकी त्याच वेळी दारात आली. तिला एकदम मोठा ठसका लागला, पदर तोंडाला लावून ती आत पाणी प्यायला पळाली. इथली हवा तिला मानवत नाही की काय?

१९ एप्रिल

पोत्याचं ते थांबलं. कापूस आता माझ्या हिशोबाप्रमाणे बरोबर संपतो. देवाने न मागता दिलं, न सांगता थांबवलं. तक्रार नाही. जेवढं हवं होतं तेवढं दिलं.

३ मे

या देशातली एक गोष्ट मला फार आवडली. लोक बसायच्या जागेला जपतात. आल्या आल्या माझ्या लक्षात आलं नव्हतं, पण आता जिथे तिथे दिसतं. पाववालीच्या खुर्चीवर छोटी चौकोनी उशी आहे. न्हाव्याच्या बाकावर दोन. शिट्टीवाल्याच्या बसमध्ये त्याच्या कमरेमागे एक, निळी.

पाववालीची उशी मी वाकून नीट बघितली. चारही कोपऱ्यांना आमच्या आईसारखी गाठ. मधला टाकाही तसाच, दोनदा ओढून बसवलेला. मी दिवसभर त्याचाच विचार करतो आहे. कुठे आमचं गाव, कुठे हा रस्ता, पण माणसाच्या हाताने कापूस बांधायचा म्हटला की गाठ तीच सुचते. सगळ्या हातांमागे एकच हात आहे. हिला हे सांगितलं तेव्हा तिने फार वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही खूप चांगले आहात हो." लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, असं कधी म्हणाली नव्हती. निरोपाची भाषा तर नाही ना ही?

२२ मे

वाईट खूण. कपाटावरची मोठी प्रवासाची बॅग हिने खाली काढली आहे. आज दुपारी फिरून येताना ही मला रस्त्याच्या टोकाला दिसली, ती बॅग घेऊन जाताना. बॅग टम्म फुगलेली, पण एका हाताने उचलत होती. बहुधा थोडं थोडं सामान भावाच्या घरी नेऊन ठेवते आहे, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको.

मेहुण्याला आडून विचारलं, तुझ्या ताईचं काही चाललंय का. तो म्हणाला, "दाजी, एकदा डोळे तपासून घ्या."

२५ मे

डोळे तपासले. नंबर थोडा वाढला आहे. मेहुण्याचं बरोबर होतं. डॉक्टरच्या खुर्चीत पाठीमागे छोटी उशी होती, पिवळी. फार आराम वाटला.

१८ जून

अडीच महिनेही... नाही, दीडच महिना राहिला. घाबरलो की माझं गणित चुकतं.

कामाची कमतरता नाही. वसतिगृहाने बारा गाद्या सांगितल्या आहेत. वडिलांच्या मापाने भरतो, मूठ मारतो, मूठ दुखते, आणि लोक घेऊन खुश होतात. या लोकांची पाठ आता तयार झाली असावी.

पण मन लागत नाही. हिने मागच्या खोल्यांना पडदे लावले, स्वयंपाकघराच्या फळ्या पुसून कागद घातला. दुसरा कुणी आनंदला असता. मी हिचं माहेर ओळखतो. जागा सोडताना ती झाडूनपुसून लखलखीत करून द्यायची, हे त्या घरचं वळण आहे. आज जिन्यात घरमालकीण मला बघून चक्क "अगंबाई" म्हणाली. ही तिला आपली भाषा शिकवते आहे. म्हणजे हिचा जीव आपल्याच भाषेत अडकला आहे.

रविवारी आईला फोन लावला. आधी हिला दे म्हणाली. दोघी आतल्या खोलीत अर्धा तास बोलत होत्या. सासू-सून एवढं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग फोन माझ्याकडे आला तेव्हा आई म्हणाली, जेवतोस ना वेळेवर? आणि फोन ठेवला.

१९ जुलै

आज घडलं ते लिहितो.

मेहुण्याच्या गाडीचं चाक बसलं म्हणून मी तीन वाजताच पायी परत आलो. दुकानाचं दार लोटलेलं होतं. आत कालची वसतिगृहाची गादी जमिनीवर आडवी, एक कोपरा उसवलेला, आणि ही कोपरापर्यंत हात आत घालून बसलेली. एक मूठ बाहेर काढली. दुसरी. तिसरी. घरमालकीण समोर मांडी घालून बसून खोळीचं तोंड धरून होती आणि मोठ्याने मोजत होती. आमच्या भाषेत. चार म्हणाल्यावर हिने हात झाडला, गादीवर तळवा फिरवला, इथल्या भाषेत काहीतरी सफाईने बोलली. दोघी हसल्या. बाजूला काढलेल्या कापसाचा ढीग, त्याच्या शेजारी कापडाच्या चौकोनी पिशव्या. निळ्या, पिवळ्या, ठिपक्यांच्या.

मी आत गेलो नाही. बस थांब्यावर जाऊन बसलो. तीन बसेस सोडल्या. तिसरी शिट्टीवाल्याची होती. त्याने दार उघडून वाट पाहिली. मी हाताने जा म्हटलं.

पोतं आठवलं. मी पोत्याला हात जोडले होते. पाववालीची गाठ आठवली. राग कुणाचा करावा हे ठरवता येईना. वडिलांच्या मापाचा अपमान झाला असं म्हणावं तर त्या गाद्या पसंत पडल्या होत्या. माझी फसवणूक झाली असं म्हणावं तर मला कुणी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. देवाची कृपा, एवढंच ती म्हणाली होती.

चारनंतर घरी गेलो. दुकान नेहमीसारखं. गादी शिवलेली, शिवण तिरकी. हिने विचारलं, आज उशीर? मी चाकाचं सांगितलं. तेवढं खरं होतं.

२० जुलै

आईला फोन केला. आज मी आधी बोलणार म्हटलं. तिला सांगितलं, तुझी सून बाबांचं माप मोडते आहे.

आई म्हणाली, "तिला कुणी शिकवलं असं वाटतं तुला?"

मी विचारलं, "कुणी?"

"तुझा बाप मूठ मारायचा आणि जेवायला वर जायचा. जेवला की घोरायला लागायचा. मग मी खाली उतरायचे. लहान गादीतून चार मुठी, मोठीतून सहा. त्यानंतर लोक झोपायचे त्यावर. नाहीतर त्या दगडावर कोण झोपलं असतं?"

"बाबांना कळलं नाही?"

"शेवटची सात-आठ वर्षं तो एक कोपरा कच्चाच शिवायचा. मला उसवायला सोपं जावं म्हणून. बोलला कधी नाही. तसा तो बोलणारा नव्हताच."

ते कच्चे कोपरे मला आठवतात. मला वाटायचं, बाबांची नजर गेली. त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्या नकळत मी ते कोपरे दुहेरी टाक्याने पक्के करून ठेवायचो. बिचारी आई. किती बोटं टोचून घेतली असतील.

आणि समोरच्या फोमच्या दुकानाला मी किती वर्षं शिव्या दिल्या.

२३ जुलै

आज दवाखान्याची गादी भरली. वडिलांच्या मापाने. मूठ मारली, दुखली. शेवटचा कोपरा मोठ्या टाक्यांनी कच्चा शिवला आणि दोनच्या ठोक्याला बाहेर पडलो. मेहुणा गाडी आणायच्या आधीच.

चारला आलो. हिने काही विचारलं नाही. चहाबरोबर मला आवडतो तसा शिरा होता.

१ ऑगस्ट

तीन दिवस राहिले. आता मला सगळं ठाऊक आहे, तरीही उत्तर ठाऊक नाही. उशा शिवणारी बाई परत जाऊ शकत नाही, असं कुठे आहे? उलट तिने वाट पाहिली असेल, मला एकदा तरी दिसेल म्हणून. मी मात्र पोत्याला नमस्कार करत राहिलो. अशा माणसाबरोबर परदेशात का राहावं, असं तिने विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

देवाला काही मागितलं नाही. फक्त तिच्या मनासारखं होऊ दे म्हटलं.

४ ऑगस्ट

सकाळी चहा केला. कप तिच्यापुढे ठेवला आणि समोर बसलो. हात मांडीखाली धरून ठेवले होते.

मी म्हटलं, आज चार तारीख.

"माहीत आहे."

"तू जे म्हणशील ते. मी शब्द काढणार नाही."

तिने चहा पिऊन संपवला. घाई केली नाही. मग म्हणाली, "राहायचं. मी मार्चमध्येच ठरवलं होतं."

मी विचारलं, मार्चमध्ये ठरवलंस तर सांगितलं का नाहीस?

"अहो, तुम्ही इतकं छान वागत होता. रोज चहा, भांडी, भाजीला नाव नाही ठेवायचं. म्हटलं सहा महिने पुरते होऊ देत, मग सांगू. घाई कसली?"

मी हसलो तर डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून भांडी उचलली, तर ती आणखी हसली.

मग ती गंभीर झाली. म्हणाली, एक अट आहे. चोरून नाही करायचं आता. चोर असल्यासारखं दुपारी दार लोटून, तिरकी शिवण घालून. समोर बसून करायचं, दोघांनी. आणि उशा दुकानाच्या खिडकीत ठेवायच्या. मी म्हटलं, कबूल. मग मी विचारलं, मला कळलं हे तुला कधी कळलं? ती म्हणाली, "कोपरा कच्चा आला त्या दिवशी. सासूबाईंनी सांगितलं होतं, ज्या दिवशी कोपरा कच्चा येईल त्या दिवशी समज, घोडं गंगेत न्हालं."

५ ऑगस्ट

दुकान उघडल्यावर पहिली गादी दोघांनी मिळून केली. मी भरली. मूठ मारणार तेवढ्यात ती म्हणाली, थांबा, मुठीने कोण झोपतं? पाठ टेका. मी म्हटलं, गिऱ्हाइकाची गादी आहे. ती म्हणाली, नाही, ही आपल्यासाठी. आमच्या घरात गादीवाल्याने गादीवर झोपायची पद्धत नाही. वडील सतरंजीवर झोपले, मीही. आपण भरलेल्या गादीवर मी आजवर एकदाही पाठ टेकलेली नाही, हे मला तेव्हा कळलं.

टेकली. दगड होता. एकोणपन्नास वर्षांचा माणूस आणि मला माझ्या धंद्यातली एवढी गोष्ट माहीत नव्हती. मी उठलो, कोपऱ्यातून स्वतः हात घातला आणि एक मूठ काढली. तिने खुणेने आणखी सांगितलं. दुसरी. तिसरी. चौथीला वडिलांची क्षमा मागावीशी वाटली, मग वाटलं, क्षमा मागायची तर आईची. रविवारी मागीन. मोठी गादी होती, सहा काढल्या. ती म्हणाली, आता बघा.

सकाळचे अकरा वाजले असतील. खिडकीतून ऊन आलं होतं. फक्त बघायचं म्हणून मी आडवा झालो.

जाग आली तेव्हा समोर स्टुलावर एक जाडजूड गृहस्थ टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मी धडपडून उठलो. हिने त्यांना अर्धा तास गप्प बसवून ठेवलं होतं, माझी झोप मोडू नये म्हणून. गृहस्थ गादीकडे बोट करून काहीतरी म्हणाले. हिने सांगितलं, त्यांना दुसरी कुठली नको, हीच पाहिजे.

मी तिलाच सांगायला सांगितलं की त्यांच्यासाठी आजच नवी भरतो, दोघं मिळून, हवी तेवढी मऊ. ही गादी मात्र मिळणार नाही. ती घरात राहणार आहे.